गुग्गुळ की क्रिओसोट: ऑक्सिडीकरण रोखायला कोणती राळ घ्यावी?

गुग्गुळ कच्छ-राजस्थानचा, खोडाला चीर दिली की पाझरतो. क्रिओसोट हे अमेरिका-मेक्सिकोतल्या वाळवंटातलं झुडूप, त्याची राळ पानांवरच चकाकते.

ऑक्सिडीकरण रोखण्यात क्रिओसोट जबरदस्त. त्यातलं एनडीजीए हे संयुग पूर्वी तूप-चरबी खवट होऊ नये म्हणून अन्नात घालत. पण उंदरांच्या मूत्रपिंडांना त्याने अपाय झाला आणि १९६८ मध्ये अमेरिकेने त्याला सुरक्षित यादीतून काढलं. या पानांच्या चहाने यकृत बिघडल्याच्याही नोंदी आहेत.

गुग्गुळातलं गुग्गुळस्टेरॉन हे संयुग प्रयोगशाळेत एलडीएलचं (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचं) ऑक्सिडीकरण मंदावतं. गुग्गुळाच्या २००३च्या अमेरिकी चाचणीत मात्र एलडीएल उलट थोडं वाढलं! तरी निवड करायचीच तर गुग्गुळ, तोही वैद्यांना विचारून. एकच खंत: अघोरी चिरांनी रानातली झाडं मरताहेत.