एक मार्शल, दोन शेवट

दोन सिनेमांपैकी शेवट कुणाचा सरस? मार्शल (फरारींना पकडणारा अमेरिकी अधिकारी) दोन्हीकडे तोच, टॉमी ली जोन्सचा सॅम जेरार्ड. 'द फ्युजिटिव्ह'मध्ये (१९९३) हॉटेलच्या लाँड्रीतली हाणामारी आटोपल्यावर तो गाडीत, बायकोच्या खुनाचा खोटा आळ आलेल्या फरार डॉ. किंबलच्या बेड्या काढतो, हातात बर्फाची पिशवी देतो. बोगद्यात 'मी बायकोला मारलं नाही' म्हणणाऱ्याला 'मला काय त्याचं' असं उडवून लावणारा हाच माणूस! आताही विरघळल्याचं धड कबूल करत नाही, वर कुणाला सांगू नकोस म्हणतो. (जोन्सला ऑस्कर उगाच नाही मिळालं.) माझं मत याच शेवटाला.

'यू. एस. मार्शल्स'मध्ये (१९९८) खरा गुन्हेगार निघतो सोबतचाच एजंट रॉयस, आणि हिशेब मिटतो इस्पितळात, जेरार्डच्या गोळीने. रॉयसने मारलेल्या सहकाऱ्याचा सूड म्हणून ठीक आहे. पण ज्याच्यामागे सिनेमाभर धावलो तो फरार आरोपी शेरिडन नेमका त्या वेळी खाटेला खिळलेला.