कडक भाकरीचं लेबल आणि सात रस्त्याजवळची इंग्रजीची शिकवणी

माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती व्यवसाय आहे. आता बंगळूरहूनही ऑर्डर येतात, म्हणून पाकिटावर इंग्रजी मजकूर हवा होता. 'वाळवलेली' याला मोबाइलवर 'डेसिकेटेड' मिळालं. छापायला टाकायच्या आदल्या दिवशी, मी जिथं इंग्रजी शिकते त्या शिकवणीच्या मॅडमना दाखवलं, हे फार बरं झालं.

त्यांनी लगेच चूक काढली नाही. फळ्यासमोर उभं राहून म्हणाल्या, "ताई, आपल्याकडं काय काय सुकतं ते आधी सांगा." सगळी बॅच बोलायला लागली. कपडे वाळतात, विहीर आटते, गजरा कोमेजतो, घशाला कोरड पडते. मग एकेकासमोर त्यांनी इंग्रजी शब्द लिहिला. विहीर, ओढा 'ड्राय अप' होतात. फूल, पीक 'विदर' होतं. सुरकुतून आक्रसतं ते 'श्रिव्हल'. मे महिन्यात आपली जमीन होते ती 'पार्च्ड'. आणि 'डेसिकेट' म्हणजे आतला ओलावा पार काढून घेणं; लॅटिनमध्ये 'सिक्कस' म्हणजे कोरडा, त्यावरून आलेला शब्द. रोजच्या बोलण्यात तो कमीच, पण सुक्या खोबऱ्याच्या किसाला 'डेसिकेटेड कोकोनट' हेच नाव. गोळ्यांच्या बाटलीत ओल शोषायला पुडी असते ना, ती 'डेसिकंट'. स्पेलिंगमध्ये एस एक, सी दोन. मी नेमकं उलट लिहिलं होतं.

भाकरीला तो शब्द चालला असता का? मॅडम म्हणाल्या, अर्थ चुकत नाही, पण वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटणार नाही. 'क्रिस्प जोवार भाकरी' लिहा. तेच छापलं.

माझ्या मनाला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. रंगमंचावर नट वाक्य विसरला, बोलता बोलता शब्द सुचेनासे झाले, तरी इंग्रजीत 'ड्राय अप' म्हणतात. गिऱ्हाइकाचा इंग्रजीतून फोन आला की माझं अगदी तेच व्हायचं. त्या अवस्थेला नाव आहे हे कळल्यावर खूप धीर आला. परवा बंगळूरच्या बाईंशी मी पाच मिनिटं बोलले.

तक्रार एकच. बॅचमध्ये माणसं जास्त घेतात, सगळ्यांना बोलायची पाळी येत नाही. दुपारची बॅच मिळाली तर तीच घ्या, तिथं गर्दी कमी असते. लेबल, बिल, अर्ज, जे अडलं असेल ते सोबत न्या. मॅडम त्यावरूनच शिकवतात.