स्पायडर वूड, आठ महिन्यांनंतर: लाकूड उत्तम, घात केला स्क्रूने

स्पायडर वूड म्हणजे माशांच्या टँकमध्ये सजावटीला ठेवतात ते बारीक फांद्यांचं, मुळाचं लाकूड. जानेवारीत ते नवं असताना त्याबद्दल इथे लिहिलं होतं, हा पुढचा अनुभव. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, टँकमध्ये चार महिने काढलेलं लाकूड रात्रीतून सुटलं आणि सकाळी पाण्यावर आडवं तरंगत होतं. त्यावर लावलेलं अनुबियासचं झाड उलटं झालं होतं, वाळू उसळून पाणी गढूळ झालं होतं. लाकडाचा यात काही दोष नाही. ते ज्या लादीवर बसवून विकलं होतं, त्या लादीच्या स्क्रूचा आहे. म्हणून या अनुभवात लाकडापेक्षा स्क्रूबद्दल जास्त लिहिलं आहे, आणि ते तसंच असायला हवं.

तुकडा ४५ सेंटिमीटर लांब, कोरडा असताना ७०० ग्रॅम, लादीसकट १,४०० रुपये. टँक अडीच फुटी, पाणी साधारण शंभर लिटर, नवी मुंबईतल्या नेरूळच्या नळाचं. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड चालू, आत कार्डिनल टेट्रा मासे आणि चेरी श्रिंप.

लादी उलटी केली तर आत एकच स्क्रू, तोही काळा जिप्सम स्क्रू, फॉल्स सीलिंगवाले वापरतात तो. लादीतला भाग शाबूत होता. लाकूड आणि लादी जिथे टेकतात, नेमका तिथे तो झिजून आगपेटीच्या काडीपेक्षा बारीक झाला होता आणि तिथेच तुटला होता. भोकाभोवती लाकडावर सेंटिमीटरभर रुंदीचं निळसर काळं कडं उमटलं होतं, बोट घासलं तर शाईसारखं लागत होतं. ती खरोखर शाईच. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र आले की काळी शाई होते, तसंच लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाला भेटलं की काळं होतं. ओलं, आंबटसर, टॅनिन असलेलं लाकूड लोखंड साध्या पाण्यापेक्षा लवकर खातं. जिप्सम स्क्रूवरचा काळा थर कोरड्या भिंतीपुरता असतो, पाण्यात तो काही आठवड्यांचा सोबती. शिवाय स्क्रू एकच असल्यामुळे टँक साफ करताना लाकूड दर वेळी थोडं फिरायचं, भोक सैल व्हायचं आणि पाणी आत मुरायचं.

लोखंडाने मासे मरत नाहीत, तेवढा दिलासा. पण उपाय म्हणून पितळी स्क्रू लावू नका. पितळेत तांबं असतं, आणि तांब्याचा अंशही श्रिंपला सोसत नाही. स्टेनलेस स्टीलचाच हवा, आणि त्यातही ३०४ ग्रेडचा मागून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘एसएस’ म्हणून जे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू पुढे करतात, ते बहुतेक ४१० असतात आणि गंजतात. लोहचुंबक नेलं तर फरक कळतो. ४१० चटकन चिकटतो, ३०४ चिकटला तरी अगदी हलका.

आता लादी. ती कडाप्प्याची होती, आणि ही तक्रार स्क्रूइतकीच गंभीर आहे. कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो, हे घरोघरी माहीत आहे. कारण कडाप्पा हा चुनखडक आहे, आम्ल त्याला खातं. टँकमध्ये टॅनिन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून तेच काम हळूहळू करतात. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. ड्रॉप टेस्टवर नळाचं केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) २ आणि टँकचं ५ येत होतं, आणि वाळू, दगड वगैरे सगळं तपासूनही कारण सापडत नव्हतं. लादी काढल्यावर, आठवड्याला ३० टक्के पाणी बदलत, महिनाभरात केएच २ ते ३ वर आलं. मऊ पाण्यातले मासे आणि झाडं ठेवणाऱ्याला हे परवडत नाही. कोटा आणि संगमरवर यांचंही हेच.

लादी ग्रॅनाइटची हवी. ओट्यात सिंक बसवताना कापून काढलेले तुकडे ग्रॅनाइटवाल्यांकडे कोपऱ्यात पडलेले असतात, मागितले तर फार पैसे घेत नाहीत. १८ मिलिमीटर जाडीचा २० बाय १५ सेंटिमीटर तुकडा साधारण १,४५० ग्रॅम भरतो, पण पाण्यात त्याचं वजन ९०० ग्रॅमच्या आसपासच उरतं, हे हिशेबात धरा. लाकूड किती जोर लावेल हे बादलीत कळतं. कोरडं लाकूड सोडा, एक तृतीयांश पाण्याबाहेर राहिलं तर त्याचा वर उचलणारा जोर त्याच्या वजनाच्या निम्मा, म्हणजे इथे ३५० ग्रॅम. तरी लादी दुपटीहून जड घ्या, कारण फांद्या एका बाजूला झुकलेल्या असतात आणि लाकूड सरळ वर न जाता कलंडू पाहतं. सह्याद्रीतला काळा पाषाणही चालतो, फक्त त्याच्या पोकळ्यांमध्ये पांढरे खडे दिसले तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसला तर तो दगड नको.

लाकडाचा तळ करवतीने सपाट करा. ग्रॅनाइटला दोन भोकं, एकमेकांपासून किमान पाच सेंटिमीटरवर, ५ मिलिमीटरच्या डायमंड बिटने, पाणी सोडत, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून. हॅमर चालू राहिला तर तुकडा चिरतो. खालच्या बाजूने भोक रुंद करा म्हणजे स्क्रूचं डोकं आत बुडेल. डोकं बाहेर राहिलं तर सगळं वजन त्या टोकावर येऊन तळाच्या काचेला तडा जाऊ शकतो. लाकडात आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर मुळाचं लाकूड उभं फाटतं. मग ८ नंबर, ४० मिलिमीटरचे दोन स्क्रू. १८ मिलिमीटर ग्रॅनाइटमध्ये जातात, उरलेले लाकडात पुरेशी पकड घेतात. डोक्यांवर साधं पारदर्शक सिलिकॉन भरा. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन अजिबात नको, त्यातलं औषध पाण्यात उतरतं. ४८ तास सुकू द्या. नुसत्या सिलिकॉनने लाकूड चिकटवायच्या भानगडीत पडू नका, ओल्या लाकडाला ते धरत नाही.

जानेवारीत याच लाकडाबद्दलची मुख्य तक्रार रंगाची होती, आणि ती आता पूर्ण मागे घ्यावी लागते. पहिले पाच आठवडे पाणी कोऱ्या चहासारखं होतं. फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवला की दोन दिवसांत स्वच्छ, काढला की पुन्हा पिवळं. सहाव्या आठवड्यापासून रंग आपोआप उतरत गेला. त्या हलक्या रंगात कार्डिनलची लाल पट्टी जास्त गडद दिसते आणि मासे कोपऱ्यात न दडता मोकळे फिरतात. कार्बनवर खर्च करायची गरज नव्हती.

पांढऱ्या बुळबुळीत थराबद्दलही तेच. टाकल्यावर चौथ्या दिवशी फांद्यांवर कापसासारखा थर येतो आणि लाकूड कुजलं असं वाटतं. लाकडातल्या साखरेवर वाढणारी बुरशी आणि जिवाणू आहेत ते. पाणी बदलताना सायफनच्या नळीने ओढून घ्या, उरलेलं श्रिंप आणि गोगलगायी खातात. महिन्याभरात संपतं. टँक लहान आणि थर फार दाट असेल तर एअर पंप चालू ठेवा, कारण हा थर ऑक्सिजन खातो. काळजी करायची ती काळ्या, मऊ डागाची, ज्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. तो भाग आतून कुजतोय, कापून टाका.

उकळण्यावर लोक विनाकारण गॅस जाळतात. पाऊण तास दोनदा, मधे पाणी बदलून, इतकं पुरे. तासन्‌तास उकळलं तर बारीक फांद्या मऊ पडतात आणि सहा महिन्यांत गळतात. ४५ सेंटिमीटरचा तुकडा घरच्या कुठल्याच पातेल्यात मावत नाही, तेव्हा आधी एक टोक उकळा, मग दुसरं. किंवा उकळूच नका, झाकणाच्या पिंपात दगड ठेवून तीन आठवडे बुडवा. झाकण हवंच आणि पाणी दर तीन दिवसांनी बदला. आठवडाभर साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरोघरी तेच तपासत फिरतात. साबण, ब्लीच काही लावू नका, लाकूड शोषून घेतं. भिजवायचं काम मार्च ते मेमध्ये उरका. जून लागला की बाल्कनीत लाकूड सुकत नाही, त्यावर हिरवी बुरशी धरते.

विकत घेताना अंगठ्याचं नख दाबा. खड्डा पडला तर घेऊ नका. साल राहिली असेल तर सोलावी लागेल, सालीखाली कुजणं सुरू होतं. वास घ्या, डिंकाचा किंवा रॉकेलचा आला तर नको. मोपानी आणि मलेशियन लाकूड जड, बहुधा स्वतःच बुडतं, लादीची कटकट नाही, पण स्पायडर वूडच्या फांद्यांची बारीक जाळी त्यात मिळत नाही. सुताराकडचे सागाचे तुकडे फुकट मिळाले तरी पॉलिश आणि वाळवीच्या औषधामुळे नकोत.

खाडीकिनाऱ्यावर पडलेलं लाकूड उचलून आणावं का, हा प्रश्न इथे हमखास निघतो. नको. त्यात मीठ खोलवर मुरलेलं असतं, वर औद्योगिक पट्ट्याचं पाणी पिऊन बसलेलं. शिवाय ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसार स्थळ. तिथून वाळकी काडीही घरी आणायची नाही. ठाण्याच्या येऊर जंगलाचंही तेच, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

आता सप्टेंबर. स्टीलच्या स्क्रूंना चार महिने झाले, परवा लादी काढून पाहिली तर दोन्ही स्क्रू चकचकीत आहेत आणि लाकडावर नवं काळं कडं नाही. मधली जाड गाठ आता पुरती भिजली आहे. पेन्सिलपेक्षा बारीक चार टोकं मऊ झाली होती, ती कात्रीने छाटली. अनुबियास दोऱ्याऐवजी सायनोअ‍ॅक्रिलेट जेलने (सुपरग्लूने) चिकटवलं होतं, त्याची मुळं लाकडाला घट्ट धरली आहेत. लाकडाला पाचपैकी साडेचार, लादी आणि स्क्रूला शून्य. दुकानदाराला स्क्रू दाखवला, ‘सगळे असेच लावतात’ एवढंच उत्तर मिळालं. तुमच्याकडे लादीवर बसवलेलं लाकूड असेल, तर पुढच्या साफसफाईला ते उलटं करून बघा. स्क्रू काळा असेल किंवा भोकाभोवती निळसर कडं उमटलं असेल, तर त्याच दिवशी बदला.