प्लिकर्स की गूगल फॉर्म?

विज्ञानातल्या चुकीच्या कल्पना मुलांच्या डोक्यात कुठे दडल्या आहेत, हे शोधायला दोन्ही चालतात. पण सारखे नाहीत.

प्लिकर्स हे वर्गात झटपट उत्तरं घेण्याचं अ‍ॅप. त्यात प्रत्येक मुलाकडे छापील कार्ड असतं. कार्डाची कोणती बाजू वर, त्यावरून अ, ब, क, ड ठरतं आणि बाईंचा एकच फोन सगळा वर्ग टिपतो. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारी बघून उपयोग नाही. विचारा: एकसर जोडणीत दोन सारखे बल्ब, जास्त कोणता उजळेल? ‘पहिला’ म्हणणाऱ्यांना वाटतं, वीजप्रवाह तिथे थोडा खर्च होतो. उत्तरं विखुरली की लगेच ‘दोन्ही सारखेच’ सांगून टाकू नये. आधी आपसात वाद घालू द्यावा, मग पुन्हा कार्डं वर. हार्वर्डमध्ये एरिक माझुर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या तासाला हीच रीत रुजवली.

गूगल फॉर्मला प्रत्येकाकडे फोन नि नेट हवं. बऱ्याच शाळांत गाडी इथेच अडते. पण ‘उन्हाळा का येतो?’ यावर ‘पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून’ हे मूल स्वतःच्या शब्दांत लिहितं. (जवळ तर ती जानेवारीच्या सुरुवातीला असते!) घरी भरायला दिला, तर मात्र शोधून चिकटवलेली उत्तरं येतात.

माझा कौल प्लिकर्सला. फॉर्म धड्याआधी एकदाच द्यावा आणि त्यातली मुलांची चुकीची वाक्यं जशीच्या तशी प्लिकर्सचे पर्याय म्हणून घालावीत.