येस्टरडे पुढे की मागे?

'येस्टरडे आय बॉट अ चादर इन नवी पेठ' आणि 'आय बॉट अ चादर इन नवी पेठ येस्टरडे'. वाक्यं दोन्ही बरोबर. आपण मराठीत 'काल' आधी टाकतो, म्हणून सोलापूरकराच्या तोंडी पहिलं पटकन येतं. काल-आज असा फरक दाखवायचा असेल तर ते छानच. एरवी साध्या गप्पांत मी दुसरं घेईन. आधी ठिकाण, मग वेळ.

घोळ होतो तो मध्येच: 'आय बॉट येस्टरडे अ चादर'. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये इंग्रजी सहसा कुणाला घुसू देत नाही.

'ऑलवेज'चं तंत्रच निराळं. 'आय ऑलवेज ईट शेंगा चटणी', म्हणजे क्रियापदाच्या आधी. पण 'इज' आलं की त्याच्यानंतर: 'गड्डा यात्रा इज ऑलवेज क्राउडेड'.