‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’: आठ महिने खेळल्यानंतर

मेहुणा बोटीवर असतो. गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा त्यानं भाचीसाठी स्विच लाइट हे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र आणि ‘थ्री हाउसेस’ या खेळाचं कार्ट्रिज आणलं. शाळा सुरू झाल्यावर तिच्या हाताशी नको म्हणून बहिणीनं ते आमच्या डिचोलीच्या घरी ठेवून दिलं. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात लागोपाठ दोन रात्री वीज गेली आणि कपाटातलं ते यंत्र मी बाहेर काढलं. आता जानेवारी संपत आलाय. माझे दोन रूट, म्हणजे गोष्टीच्या दोन वेगळ्या वाटा, पूर्ण झालेत, तिसरा अर्ध्यावर आहे. भाची शनिवार-रविवारी साखळीहून येते, तिचा एक पूर्ण झालाय. माझे एकट्याचेच सव्वाशेच्या वर तास गेलेत, त्यामुळे आता याबद्दल नीट लिहिता येईल असं वाटतं. शेवटाचं काही फोडत नाही, पण मधल्या एका मोठ्या लढाईबद्दल बोलणार आहे. ज्यांना तेवढंही नको असेल त्यांनी ग्रॉन्डरचा उल्लेख आला की तो भाग सोडून पुढे जावं.

ही मालिका जपानमध्ये १९९० पासून चालू आहे. हा भाग २६ जुलै २०१९ ला आला, इंटेलिजंट सिस्टीम्स आणि कोई टेक्मो या दोघांनी मिळून केलेला. फोडलान नावाच्या खंडात तीन सत्ता आहेत, एक साम्राज्य, एक राज्य आणि सरदारांची एक आघाडी. तिघांची मुलं गॅरेग मॉक या मठातल्या अकादमीत एकत्र शिकतात. आपण तिथले नवे शिक्षक. एडेलगार्डचं ब्लॅक ईगल्स, दिमित्रीचं ब्लू लायन्स किंवा क्लॉडचं गोल्डन डिअर, यातला एक वर्ग आपण निवडायचा. पहिली बारा प्रकरणं शिकवण्यात जातात. मग पाच वर्षं उलटतात, युद्ध पेटलेलं असतं, आणि ज्यांच्याशी मठाच्या अंगणात रोज बोलत होतो तीच मुलं समोरच्या सैन्यात उभी असतात.

पटावरचा खेळ म्हणून सांगायचं तर जमीन घरांत वाटलेली, आपली दहा-बारा माणसं, एक पाळी आपली आणि एक शत्रूची. मला यात सगळ्यात जास्त आवडली ती एक साधी सोय: शत्रूच्या पाळीत कोण कुणावर धावून येणार ते रेषेनं आधीच दिसतं. नवव्या-दहाव्या प्रकरणाच्या सुमारास मी माझ्या वर्गातल्या इन्ग्रिडला पंखांच्या घोड्यावर पुढं नेत होतो. उडणाऱ्यांना बाणांचं वावडं, आणि तिच्याकडे दोन रेषा आल्या होत्या, दोन्ही धनुर्धरांच्या. डेड्यू म्हणजे आमचा चिलखतातला आडदांड गडी. त्याला एक घर पुढं सरकवलं, रेषा त्याच्याकडे वळली. इन्ग्रिडला एक घर मागं घेतलं, दुसरीही वळली. दोन माणसं एकेक घर हलली आणि अख्खी पाळी बदलली. असं काही जमलं की त्या रात्री झोप उशिरा लागते.

राक्षसी श्वापदांशी होणाऱ्या लढायाही विचारपूर्वक बांधल्या आहेत. एकेक श्वापद चार घरं व्यापून बसतं, त्याला एकापेक्षा जास्त जीवनपट्ट्या असतात आणि चारही घरांवर कवच असतं. एकाच बाजूनं मारत राहिलात तर तुमची माणसं जातील. वेगवेगळ्या बाजूंनी एकेका घराचं कवच फोडायचं, आणि चारही फुटली की ते काही काळ गारद होतं. त्यासाठी गँबिट आहेत. प्रत्येक माणसाच्या हाताखाली एक तुकडी द्यायची, तिच्या हल्ल्याला उलट वार होत नाही आणि समोरचा जागेवर खिळतो. पण चांगली तुकडी घ्यायला नेतृत्वाचा दर्जा वाढवावा लागतो. फेलिक्ससारखा तलवारबाज त्यात मुळातच कच्चा, म्हणून तो एकटा कितीही मारू दे, त्याची तुकडी कायम दुय्यम राहते. माणसाचा स्वभाव आकड्यात उतरवायची ही पद्धत मला फार पटली. याच फेलिक्समध्ये जादूचं दडलेलं कसब आहे. ते शोधून, आठवड्यामागून आठवडे शिकवून वर आणायचं की तलवारच धारदार करत राहायची, हा निर्णय आपला.

हत्यारं झिजतात. एखादा खास वार केला की जास्तच झिजतात. सुरुवातीला मला हा त्रास वाटला. चांगली भाला-तलवार कपाटात जपून ठेवायची आणि लोखंडी हत्यारानं भागवायचं, असं मी पहिल्या रूटमध्ये करत राहिलो, आणि शेवटी अर्धी कपाटं भरलेलीच राहिली. नव्यानं खेळणाऱ्यांनो, वापरा. लोहाराकडे दुरुस्ती होते.

चूक झाली तर काळ मागं फिरवायची शक्तीही मिळते, प्रत्येक लढाईत ठरावीक वेळा. काही जण म्हणतात यामुळे धाक जातो. मला तसं वाटत नाही, कारण तीच चाल तशीच पुन्हा खेळलात तर तोच निकाल येतो. चुकलेला बाण पुन्हा चुकतोच. काहीतरी वेगळं करावंच लागतं, आणि ते वेगळं शोधताना आपण शिकतो. नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाला, मेलेला गडी कायमचा जातो असा ‘क्लासिक’ प्रकार निवडायची हिंमत या सोयीमुळेच होते. भाचीनं ‘कॅज्युअल’ घेतलं, त्यात पडलेली माणसं पुढच्या लढाईला परत येतात. तिनं अगदी योग्य केलं.

आता ग्रॉन्डर.

पहिल्या भागात या मैदानावर तिन्ही वर्गांची सरावाची लढाई होते. मधोमध एक टेकडी, तिच्यावर मोठं बाणयंत्र. जिंकल्यावर मेजवानी, हसणं-खिदळणं. पाच वर्षांनंतर त्याच मैदानावर पुन्हा तिन्ही सैन्यं येतात, यावेळी खरी. मी ब्लू लायन्स घेऊन खेळत होतो. टेकडीवर बाणयंत्रापाशी बर्नाडेटा होती. ही ब्लॅक ईगल्समधली भित्री मुलगी, सहसा आपली खोली सोडत नसे. मठात फिरताना तिची हरवलेली सुई-दोरा मी तिला परत नेऊन दिला होता. तिला माझ्या वर्गात घ्यायचं मनात होतं, पण त्यासाठी आपली ताकद आणि धनुष्यविद्या दोन्ही वाढवाव्या लागतात, आणि मी सगळा वेळ तलवारीवर घातला. ‘पुढच्या महिन्यात बघू’ करत राहिलो. मग ते महिने संपले.

टेकडी पेटवली जाते. मी दोनदा काळ मागं फिरवला. तिला वगळून कडेकडेनं जाता येतं का पाहिलं, पण बाणयंत्राचा पल्ला लांब आणि माझ्या वर्गातली मर्सिडीज ही मुलगी त्याच्या टप्प्यात. शेवटी अ‍ॅशनं, म्हणजे माझ्या स्वतःच्या धनुर्धरानं, तो बाण मारला. त्यानंतर मी यंत्र बंद करून बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, जाऊन बसलो. गणपतीची चवथ होऊन आठवडा झाला होता, अंगणात अजून पाऊस होता. एका खेळण्यातल्या मुलीसाठी मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं, आणि वाईट वाटण्याचं कारण गोष्टीत नव्हतं, माझ्याच वेळापत्रकात होतं.

भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “मामा, मी तर तिला पहिल्या तीन महिन्यांतच घेतली. माझ्या टेकडीवर दुसराच कोणतरी होता.” तिच्यासाठी ग्रॉन्डर फक्त एक अवघड लढाई होती. एकाच कार्ट्रिजमध्ये आम्हा दोघांना दोन वेगळे प्रसंग मिळाले, आणि दोन्ही आमच्या आधीच्या निर्णयांतून आले होते. या खेळाचं खरं बळ हेच आहे. लढाईचा निकाल लढाईच्या कितीतरी आधी लागलेला असतो: कुणाला काय शिकवलं, कुणाबरोबर चहा घेतला, कुणासाठी वेळ काढला नाही.

आणि नेमकी इथेच त्याची सगळ्यात मोठी उणीवही आहे, कारण हे सगळं करायला लागणारा वेळ खेळ वारेमाप मागतो. कॅलेंडरवर दर रविवारी मोकळा दिवस. मठात फिरा, हरवलेल्या वस्तू गोळा करा, मालकांना शोधा, बाग लावा, स्वयंपाक करा, दोघांना जेवायला न्या, तळ्यात गळ टाका. पहिल्या वीस तासांत मला यातलं सगळं आवडलं. जून-जुलैत, इथे मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असताना, मी रोज रात्री मठाच्या तळ्यात मासे पकडत होतो आणि मजेत होतो. पण दुसऱ्या रूटमध्ये त्याच जिन्यावरून तेच धावणं, त्याच माणसाला तोच आवडीचा चहा. एका लढाईसाठी दोन-अडीच तास तयारी आणि लढाई चाळीस मिनिटांत संपलेली. तिसऱ्या रूटमध्ये तर मी रविवार सरळ विश्रांतीत घालवायला लागलो.

शिवाय पहिल्या अर्ध्या भागातल्या मोहिमा कुठलाही वर्ग घेतला तरी जवळपास त्याच आहेत. तोच डाकूंचा सरदार, तेच धुकं, तीच कबर. जोडीला ज्या जादा लढाया मिळतात त्याही त्याच नकाशांवर. ब्लॅक ईगल्स घेतलं तर मध्यावर वाट दोन दिशांना फुटते, म्हणून वर्ग तीन आणि रूट चार. पण त्यातल्या एका रूटच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच लढाया गोल्डन डिअरशी जुळतात, आणि एडेलगार्डबरोबर राहिलात तर तो रूट बाकीच्यांपेक्षा आखूड, १८ प्रकरणांत आटोपतो. तो माझा दुसरा रूट. कल्पना सर्वांत धाडसी त्यात होती. तिला आणखी चार प्रकरणं मिळायला हवी होती, ही माझी मनापासूनची तक्रार आहे.

अवघडपणाचं गणितही बसलेलं नाही. मी ‘हार्ड’वर खेळलो. पहिली सात-आठ प्रकरणं चांगली कस लावतात, मग माणसं वरच्या लढाऊ वर्गात (शाळेचा वर्ग नव्हे, योद्ध्याचा प्रकार) गेली की लढाया सैल पडतात. दिमित्रीला एका कोपऱ्यात उभा केला की अर्धं सैन्य त्याच्यावर आपटून संपतं. उडत्या ड्रॅगनवर बसणारा वर्ग तर इतका वरचढ की वार करून पुन्हा मागं सरकायची मुभा त्याला आहे, आणि जमिनीवरच्यांना नेण्याचं कारणच उरत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘मॅडनिंग’ हा प्रकार मोफत जोडला गेला, तो मी तीन प्रकरणं खेळून सोडला. तिथे शत्रूची कुमक येते आणि त्याच पाळीत हल्ला करते. कुठून येणार हे माहीत नसताना त्याला तोंड देण्यात डावपेच काही नाही, फक्त पाठांतर आहे.

भाचीचा एक राग आहे, तो माझाही आहे. काही लढाऊ वर्ग फक्त मुलींसाठी, काही फक्त मुलांसाठी. जादूगारांचा सर्वांत वरचा ग्रेमोरी हा वर्ग, ज्यात प्रत्येक मंत्र दुप्पट वेळा वापरता येतो, मुलांना मिळतच नाही. तिनं एका मुलाला दहा प्रकरणं जादू शिकवली, आणि शेवटी त्याला जायला तोडीची जागा नव्हती. हे आधी सांगितलेलं कुठे नसतं.

चित्रांबद्दल थोडक्यात: पात्रांचे चेहरे सुंदर, मागची भिंत पोस्टरसारखी सपाट. आवाज मात्र अप्रतिम. जवळपास प्रत्येक संवाद बोलून दाखवलेला आहे, त्यामुळे आपला नायक मुका असणं जास्तच खटकतं. सगळे त्याच्याशी मन मोकळं करतात आणि तो मान हलवतो.

स्विच लाइट घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. पडदा साडेपाच इंची आहे आणि या खेळातली अक्षरं बारीक. हत्यारांची माहिती वाचताना मला चष्मा लागतो. लाइट टीव्हीला जोडता येत नाही. चवथीला घरात पाच-सहा मुलं जमली होती, सगळ्यांना लढाई बघायची होती, आणि एकमेकांच्या खांद्यावरून डोकावण्यापलीकडे काही करता आलं नाही. मोठं स्विच जमत असेल तर तेच घ्या. वीज गेली की हातात धरूनही ते चालतंच.

कोणी घ्यावा? बुद्धिबळात, पत्त्यांत ज्यांना पुढच्या चार चाली मोजायला आवडतं आणि ज्यांना माणसांची गोष्टही हवी असते, त्यांनी नक्की. फक्त लढाया हव्या असतील तर नको, अर्धा वेळ चिडचिड होईल. पहिला रूट ब्लू लायन्सचा करा, गोष्ट तिथे सर्वांत घट्ट विणली आहे. मग किमान महिनाभर थांबा. दुसऱ्या खेपेला ‘न्यू गेम प्लस’ घेतलात तर आधी कमावलेला शिक्षकाचा दर्जा आणि मैत्री विकत परत घेता येते, त्यानं मठातली निम्मी धावपळ वाचते. मी ते दुसऱ्या रूटला केलं नाही आणि पंधरा-वीस तास वाया घालवले.

माझा तिसरा रूट क्लॉडच्या वर्गाबरोबर चालू आहे. लढाया पाठ झाल्यात, मठाचा कंटाळा आलाय, तरी सोडलेला नाही. यावेळी पहिल्या आठवड्यापासून धनुष्यविद्या शिकतोय. गेल्या शनिवारी भाची शेजारी बसलेली असताना बर्नाडेटा आमच्या वर्गात आली.