व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी ८० फूट वरच्या तळ्यात, विजेशिवाय: हायड्रॅम पंप पूर्ण हंगाम वापरल्यावर

आधी आकडाच सांगतो, म्हणजे ज्यांना झेपणार नाही ते इथूनच परत फिरतील. वर तळ्याच्या काठावर २० लिटरची बादली धरली की भरायला ४ मिनिटं लागतात. एवढंच. बघायला येणारा प्रत्येक जण पाइपातली करंगळीएवढी धार बघून तोंड वाकडं करतो, आमच्या काकांनी तर सरळ विचारलं की ह्याच्यासाठी एवढा खटाटोप? पण मिनिटाला ५ लिटर म्हणजे तासाला ३०० आणि दिवसाला ७,२०० लिटर, कारण हा हायड्रॅम पंप रात्री बंद होत नाही, लाइट गेली म्हणून थांबत नाही आणि डिझेल मागत नाही. दिवाळीनंतर चालू केला तो मार्च अर्ध्यावर येईपर्यंत चालला, आता मिरगाच्या आधी काढून मांगरात (शेतातल्या खोपटात) ठेवलाय, म्हटलं आता बसून नीट लिहावं.

आमची जागा सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूला. व्हाळ तळाला, त्याच्यावर कुणगे (भाताचे वाफे), त्याच्यावर घर, आणि सगळ्यात वर भरडावर, म्हणजे उंचावरच्या कोरड्या जमिनीत, जांभा फोडून केलेलं शेततळं. पाणी खाली आणि गरज वर, कोकणात अर्ध्या लोकांचं हेच रडगाणं आहे, पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलायचा आणि होळीला कलमांसाठी पाणी शोधत फिरायचं. व्हाळापर्यंत लाइन आणायचा खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो. डिझेल इंजिन होतं, तासाला साधारण लिटरभर पिणारं. आणि पंप खालचं पाणी ओढून ओढून किती ओढणार, फार तर २५ फूट, म्हणजे इंजिन व्हाळाच्या काठावरच न्यायला लागतं, दोघांनी बांबूला बांधून उतरवायचं आणि संध्याकाळी परत चढवायचं, कारण तिथेच ठेवलं तर सकाळी जागेवर असेल याची खात्री नाही.

हायड्रॅम चालतो कसा ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. उतारावर टाकलेल्या लोखंडी पाइपातून पाणी जोरात खाली येतं, टोकाला एक व्हॉल्व्ह (वेस्ट व्हॉल्व्ह) उघडा असतो त्यातून ते बाहेर सांडत राहतं, वेग वाढला की त्याच पाण्याच्या जोराने हा व्हॉल्व्ह फटकन बंद होतो. आता पाइपभर पाणी धावत आलंय आणि पुढे रस्ताच नाही. दाब एकदम चढतो, त्या दाबाने आतला दुसरा व्हॉल्व्ह उघडतो आणि थोडं पाणी एअर चेंबरमध्ये, म्हणजे हवेच्या बंद डब्यात, घुसतं, तिथली दाबलेली हवा ते वरच्या पाइपात ढकलते. दाब उतरला की पहिला व्हॉल्व्ह परत खाली पडतो, परत पाणी धावतं, परत ठोका. आमच्याकडे मिनिटाला पन्नासच्या आसपास ठोके पडतात. यात नवीन काहीच नाही बरं का, १७७२ मध्ये इंग्लंडात जॉन व्हाइटहर्स्टने नळ हाताने उघडबंद करून हेच केलं होतं आणि १७९६ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ मॉन्गोल्फिएने ते आपोआप चालेल असं केलं, गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या दोन भावांतला थोरला तोच. त्यामुळे 'फुकट ऊर्जा' असं लिहिलेले व्हिडिओ बघून उड्या मारू नका. फुकट काही नाही, नऊ भाग पाणी खाली पडतं तेव्हा एक भाग वर चढतं.

गणित सोपं आहे आणि पंप घ्यायच्या आधी ते करायचंच. पंपाला मिनिटाला जेवढं पाणी मिळतं ते गुणिले पडाव भागिले चढाव, आणि आलेल्या उत्तराचे साठेक टक्के हातात येतील असं धरायचं. आमच्याकडे मिनिटाला ५० लिटर, पडाव १३ फूट, चढाव ८० फूट. ५० गुणिले १३ भागिले ८० म्हणजे ८ लिटर, त्याचे साठ टक्के म्हणजे ५ च्या जवळ. बादलीने पण तेच सांगितलं. पडाव म्हणजे पंपाच्या वरच्या बाजूला ठेवलेल्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपासून पंपापर्यंतची उंची आणि चढाव म्हणजे पंपापासून तळ्यातल्या पाइपाच्या तोंडापर्यंत, उतारावरचं अंतर नव्हे, सरळ उभी उंची. ही मापायला गवंड्याचा लेव्हल पाइप घ्या. मोबाइलच्या अ‍ॅपवर उंची बघू नका, एकाच दगडावर उभं राहून ते दोन वेगळे आकडे देतं.

खरा जीव जातो तो पडाव मिळवण्यात. व्हाळ दिसायला खळखळता असला तरी एका जागी १३ फूट कोण देतो? आम्ही वर सिमेंटच्या रिकाम्या गोणत्यांत माती-रेती भरून वनराई बंधारा घातला, तो वाडीत तसाही दरवर्षी घालतातच, तिथून तीन इंची पीव्हीसी पाइप काठाकाठाने जवळजवळ सपाटीत आणला, मग एक २०० लिटरचा ड्रम, आणि ड्रमपासून दोन इंची जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) पाइपाच्या तीन लांबी, म्हणजे ६० फूट, सरळ उतारावर पंपापर्यंत. हा शेवटचा पाइप पडावाच्या साधारण पाचपट लांब असावा असं म्हणतात. त्याच्यात पीव्हीसी चालतं का हे सगळे विचारतात. चालतं, पण पीव्हीसी प्रत्येक ठोक्याला थोडं फुगतं आणि तेवढा जोर तिथेच मरतो, शिवाय उन्हात राहून कधीतरी जोडावर फुटणार. इथे पैसे वाचवू नका. वाचवायचे असतील तर वर जाणाऱ्या पाइपात वाचवा, मिनिटाला ५ लिटरला एक इंची एचडीपीई (काळा प्लास्टिकचा पाइप) भरपूर झाला, दुकानदार दोन इंची घ्या म्हणून मागे लागला होता. पंप सिमेंटच्या चौथऱ्यात बोल्ट गाडून घट्ट बसवायचा, नाहीतर तो प्रत्येक ठोक्याला सरकतो. एकूण खर्चात पंप निम्मासुद्धा नाही, पाइप, सिमेंट आणि माणसांची मजुरी हेच मोठं.

चालू करताना एकदम सुरू होत नाही हे लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी पंप बाद आहे असं वाटेल. वरच्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून वेस्ट व्हॉल्व्ह हाताने दाबत राहायचं, दाब धरला की तो स्वतःहून ठोके द्यायला लागतो, मग वरचा व्हॉल्व्ह हळूहळू सोडायचा. वेस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर नट आहे त्याने त्याची चाल कमी-जास्त होते. चाल लांब ठेवली तर ठोके सावकाश आणि जोरात, पाणी जास्त खातो. आखूड केली तर पटापट ठोके आणि कमी पाण्यावर भागतं. नोव्हेंबरात व्हाळ भरलेला तेव्हा लांब ठेवली, फेब्रुवारीत पाणी उतरायला लागल्यावर आखूड करत गेलो. ड्रम रिकामा झाला आणि पाइपाने हवा ओढली की पंप बसलाच म्हणून समजा.

आता त्रास. एक नंबर पालापाचोळा. जानेवारी-फेब्रुवारीत ऐन, किंजळ सगळी पानं टाकतात आणि बंधाऱ्याच्या तोंडावरची जाळी गच्च होते, तेव्हा सकाळी चहाच्या आधी एक फेरी व्हाळावर मारायलाच लागते. ड्रमच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी लावली होती, ती फार बारीक पडते, अर्ध्या दिवसात चिखलाने बंद. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बाहेर आणि शेडनेट आत असं केल्यावर बरं चाललं.

दुसरं म्हणजे हवेचं भोक. एअर चेंबरच्या खाली, आतल्या व्हॉल्व्हच्या जरा अलीकडे, सुई जाईल एवढं भोक असतं, तिथून प्रत्येक ठोक्याला थोडी हवा आत जाते. हे शेवाळाने बुजलं की चेंबरातली हवा हळूहळू पाण्यात विरघळून संपते, चेंबर पाण्याने भरतो आणि ठोक्याचा आवाज बदलतो, मऊ टकटक जाऊन कर्कश घणाचा आवाज येतो. तो ऐकल्यावर लगेच थांबवायचं, नाहीतर पुढचा बळी पाइपाचा जोड. तार घेऊन भोक साफ केलं, चेंबर रिकामा करून परत चालू केला की झालं. ज्याने पंप बनवून दिला त्याने याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं, कागदातही नाही, आणि फोन केला तर 'चालू राहू दे, होईल नीट' असं उत्तर. रबराचं पण तसंच, वेस्ट व्हॉल्व्हचं रबर झिजलं तेव्हा स्पेअर कुरिअरने येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, ट्रकच्या जुन्या टायरमधून गोल कापून बसवलं, ते अजून टिकून आहे. नट दर आठवड्याला पान्याने आवळायचे, हादऱ्याने सैल होतातच, डबल नट लावले तरी.

तिसरं, वर जाणारा पाइप उघड्यावर टाकू नका. एका जागी साळिंदराने कुरतडला, तो जोडता येतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरडावर वणवा आला की शंभर फूट पाइप एका दुपारी वितळतो. आमचा वाचला कारण गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने चर मारून पुरला होता, शेजाऱ्यांचा ठिबकचा मेन पाइप मात्र गेला.

तळ्याबद्दल वेगळं सांगायला पाहिजे, कारण तळ्याशिवाय हा पंप मला तरी निरुपयोगी वाटतो. करंगळीएवढ्या धारेने कोणी शेत शिंपत नाही, ती साठवायलाच पाहिजे. आमचं तळं लाखभर लिटरचं, जांभ्यात पाणी ठरत नाही म्हणून आत प्लास्टिकचा कागद आहे. ते पावसानेच भरतं, त्यामुळे पंपाचं काम तळं भरणं हे नाहीच. काम असं की नोव्हेंबर ते मार्च रोज भाजीला पाणी काढत राहायचं आणि तरी होळीला तळं काठोकाठ असायला पाहिजे. यंदा मिरची, वाली, मुळा, लाल भाजी मिळून दहा गुंठे केलं ठिबकवर, ते ह्या ७,००० लिटरात आरामात बसलं. पुढे पंप बंद झाल्यावर एप्रिल-मे तळ्यातल्या पाण्यावर, काजूची नवीन कलमं आणि घरामागच्या माडांना. तिथे बाष्पीभवन विसरू नका. तळ्याचं तोंड शंभर चौरस मीटर आहे, दिवसाला पाच मिलिमीटर उडालं धरलं तर ५०० लिटर रोज नुसते आकाशात, दोन महिन्यांत ३०,०००. म्हणून तळं पसरट करण्यापेक्षा खोल करा.

सोलर का नाही घेतला, हा पण प्रश्न येतो. ज्यांच्याकडे उघडी जागा आणि ऊन आहे त्यांनी सोलरच घ्यावा असं माझं मत आहे, सरकारी योजना पण आहेत आणि पाणी कितीतरी जास्त देतो. आमचा व्हाळ झाडीत, दोन्ही बाजूंनी डोंगर, दुपारी दोन-अडीच तास ऊन. पॅनल वर लावून केबल खाली न्यायची म्हटलं तर वानरं आहेत आणि पावसाळ्यात विजा आहेत. हायड्रॅमला सावलीचं काही नाही. पण व्हाळाला उतार नसेल, किंवा डिसेंबरातच तो आटत असेल, तर पंप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. विहिरीवर तर चालतच नाही, हे चार जणांना फोनवर समजावून थकलो.

सुरुवातीला खालच्या वाडीतल्या एका बाबांनी 'आमचा पाणी अडवलंस काय रे?' म्हणून विचारलं होतं. त्यांना खाली नेऊन दाखवलं की पंपातून सांडतं ते सगळं दहा पावलांवर परत व्हाळातच जातं, वर जातं ते दहातलं एक. पटलं. तरी फेब्रुवारीनंतर व्हाळ बारीक झाल्यावर मी चाल अगदी आखूड केली आणि मार्चमध्ये धार ओढत बसलो नाही, बंद केला, तेव्हाचं पाणी गुरांचं असतं.

पुढच्या हंगामात दुसरा पंप शेजारी लावायचा विचार आहे, नोव्हेंबर-डिसेंबरात बंधाऱ्यावरून एवढं पाणी वाहून जातं की दोन सहज चालतील. ड्रमपासून त्याचा जीआय पाइप मात्र वेगळा टाकायला लागणार, एकाच पाइपावर दोन लावले तर एकाचा ठोका दुसऱ्याला चालू देत नाही. वर जाणारा पाइप दोघांना एकच पुरतो, फक्त खाली प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवायचा म्हणजे एक दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालू राहतो.